उसना आवाज : लुईज ब्रुक्सचे बोलपट आणि लेखन

मूकपटाकडून बोलपटाकडे झालेल्या संक्रमणाचा इतिहास सांगताना एक कथा हमखास सांगितली जाते. नटीचा चेहरा देखणा होता, पण आवाज बेताचा. ध्वनिग्राहक आला आणि तिची कारकीर्द संपली. या कथेत यंत्र निःपक्षपाती ठरते, निर्माता निर्दोष ठरतो आणि अपयशाचे सारे ओझे नटीच्या कंठावर जाऊन पडते. कथा सोयीची असल्याने तिची शहानिशा करण्याची निकड कोणाला फारशी भासलेली नाही. अमेरिकन नटी लुईज ब्रुक्स (१९०६–१९८५) हिच्याविषयी ही कथा १९२९ साली प्रसृत झाली. तिच्या बाबतीत वेगळे आहे ते एवढेच, की पुढे जवळजवळ तीस वर्षांनी तिने स्वतः लेखणी हाती घेतली आणि अशा कथा कोण, कशासाठी आणि कोणत्या साधनांनी रचतो याविषयी लिहिले. चित्रपटातील तिची प्रतिमा आणि तिचे निबंध या दोन्हींचे वाचन आजवर बहुधा स्वतंत्रपणे झाले आहे. किंवा निबंधांकडे प्रतिमेवरील तळटीप म्हणून पाहिले गेले आहे. ते एकत्र वाचले तर ‘आवाज’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत अडकलेले दिसतात.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. कॅन्सस राज्यातील चेरीव्हेल येथे जन्म. वडील वकील आणि घरात पुस्तके भरपूर. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांच्या डेनिशॉन या नृत्यसंस्थेत दाखल झाली. मार्था ग्रॅहॅम तेथे तिची सहकारी होती. १९२४ साली सर्वांसमक्ष तिची संस्थेतून हकालपट्टी झाली. त्यानंतर न्यूयॉर्कमधील जॉर्ज व्हाइट आणि झीगफेल्ड यांचे रंगमंचीय कार्यक्रम, १९२५ साली पॅरामाउंट कंपनीशी करार आणि त्यापाठोपाठ वर्षाला अनेक मूकपट. हॉवर्ड हॉक्सचा ‘अ गर्ल इन एव्हरी पोर्ट’ आणि विल्यम वेलमनचा ‘बेगर्स ऑफ लाइफ’ (दोन्ही १९२८) हे त्यांतले महत्त्वाचे. कपाळावर सरळ कापलेले काळेभोर केस ही तिची ओळख याच काळात रूढ झाली. आणि पुढे ती ओळख तिच्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

१९२८ साली ठरल्याप्रमाणे पगारवाढ देण्यास पॅरामाउंटचे बी. पी. शुल्बर्ग यांनी नकार दिला. आठवड्याला ७५० डॉलर घ्यायचे किंवा कंपनी सोडायची, असे दोन पर्याय आपल्यासमोर ठेवले गेले आणि आपण दुसरा निवडला, असे ब्रुक्सने पुढे लिहिले आहे. बोलपटाच्या आगमनामुळे उद्भवलेली अनिश्चितता ही कंपन्यांना नटनटींचे करार मोडण्याची आयती सबब होती, हा तिचा मुद्दा. त्याच सुमारास जर्मन दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांचे बोलावणे आले आणि ती बर्लिनला गेली. मागे ‘द कॅनरी मर्डर केस’ हा पूर्ण झालेला मूकपट उरला होता. कंपनीने त्याचे बोलपटात रूपांतर करायचे ठरवले, तिला परत बोलावले, मोबदल्याचे आकडे वाढवत नेले. ती आली नाही. तेव्हा मार्गारेट लिव्हिंग्स्टन या दुसऱ्या नटीकडून तिचे संवाद बोलवून घेण्यात आले आणि काही दृश्यांत पाठमोरे उभे करून तिलाच ब्रुक्स म्हणून वापरण्यात आले. ब्रुक्सचा आवाज ध्वनिमुद्रणास योग्य नाही, असे सांगितले जाऊ लागले ते यानंतर.

येथे योगायोगालाही अर्थ चिकटतो. या चित्रपटात ब्रुक्सची भूमिका आहे ती ‘कॅनरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रंगमंचीय तारकेची. गाणाऱ्या पक्ष्याचे नाव धारण करणारी ही स्त्री कथानकाच्या आरंभीच मारली जाते आणि उरलेला चित्रपट विल्यम पॉवेलने रंगवलेला गुप्तहेर तिच्या मृत्यूचे कोडे सोडवण्यात घालवतो. म्हणजे जिचा आवाज काढून घेतला आहे तीच येथे पक्ष्याच्या नावाने वावरते. काजा सिल्व्हरमन यांनी ‘द अकूस्टिक मिरर’ (१९८८) या ग्रंथात असे मांडले आहे, की अभिजात हॉलिवुडपट स्त्रीच्या आवाजाला तिच्या शरीराशी घट्ट जखडून ठेवतो; पडद्याबाहेरून बोलणारा, अधिकारवाणीचा आवाज बहुतेक पुरुषाचा असतो. ब्रुक्सच्या बाबतीत ही जखडणूक अक्षरशः यांत्रिक आहे: शरीर एकीचे, आवाज दुसरीचा आणि त्या दोहोंची सांगड घालण्याचा हक्क तिसऱ्याचा. सिल्व्हरमन यांचा सिद्धान्त मूलतः एकाच स्त्रीचे शरीर व आवाज गृहीत धरतो. जेथे आवाजच उसना आहे, तेथे त्या सिद्धान्ताला थोडी मुरड घालावी लागते.

‘द कॅनरी मर्डर केस’ आणि पाब्स्टचा ‘पँडोराज बॉक्स’ हे दोन्ही चित्रपट १९२९च्या फेब्रुवारीतच प्रदर्शित झाले. अमेरिकेत ती परक्या आवाजात बोलत होती. बर्लिनमध्ये ती मुळीच बोलत नव्हती आणि तेथेही तक्रार होतीच. फ्रांक वेडेकिंडची लुलू ही दोन नाटकांतील, ‘एर्डगाइस्ट’ (१८९५) आणि ‘पँडोराज बॉक्स’ (१९०४) यांतील, नायिका. ती जर्मन साहित्यातील एक बोलकी, शब्दांनी वार करणारी व्यक्तिरेखा. तिला मूकपटात आणणे हाच मुळात द्रोह, त्यात ती भूमिका अमेरिकन नटीला देणे हा अपमान, अशी बर्लिनमधील अनेक समीक्षकांची भावना होती. ही नटी काहीच करीत नाही, दुःखसुद्धा भोगत नाही, असा आक्षेप घेतला गेला. सीगफ्रीड क्राकाउएर यांनीही १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात या चित्रपटाला अपयश असेच म्हटले.

ज्याला ‘काहीच न करणे’ म्हटले गेले, तेच आज या अभिनयाचे सामर्थ्य वाटते. त्याची कारणे शोधताना समीक्षकांनी बहुधा दोन वाटा घेतल्या. एक, लुलू म्हणजे लुईजच. ती अभिनय करीत नव्हती, नुसती तेथे होती. दुसरी अधिक सूक्ष्म वाट थॉमस एल्सेसर यांच्या १९८३ सालच्या निबंधात आणि मेरी अ‍ॅन डोन यांच्या ‘फेम फताल’ (१९९१) या ग्रंथात दिसते. त्यांच्या विवेचनात लुलू ही व्यक्ती न राहता पाहणे, हवेसे वाटणे आणि देवघेव यांच्या व्यवहारातील एक स्थान ठरते. या दुसऱ्या वाटेने बरेच काही उलगडले आहे. पण दोन्ही वाटांनी एक गोष्ट मात्र नजरेआड केली: कसब. ब्रुक्स नर्तकी होती. अभिनय आपण मार्था ग्रॅहॅमचे नृत्य पाहून शिकलो, असे ती म्हणे. लुलू खोलीत येते, सोफ्यावर बसते, गुडघे पोटाशी घेते, वळते. या प्रत्येक हालचालीला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. जर्मन रंगभूमीच्या संस्कारातले फ्रिट्झ कोर्टनर तिच्या समोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भावना आधी ठरवून आणलेली दिसते, तर तिच्या शरीरात ती घडताना दिसते. या फरकाला ‘स्वाभाविकपणा’ म्हणून सोडून देणे म्हणजे परिश्रमाला निसर्ग म्हणणे होय. स्त्रीकलावंतांच्या वाट्याला हे कौतुक नेहमीच येते आणि ते कौतुक असल्याने त्याचा प्रतिवाद करणेही अवघड जाते.

पाब्स्टबरोबरचा दुसरा चित्रपट ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’ (१९२९) हाही मूकच होता. त्यानंतर ती पॅरिसला गेली आणि ऑगस्टो जेनिना यांच्या ‘प्री द बोते’ (१९३०) या चित्रपटात तिने काम केले. त्याच्या कथालेखनात पाब्स्ट आणि रेने क्लेर या दोघांचाही वाटा होता. वृत्तपत्राच्या कचेरीतील लुसिएन ही टंकलेखिका सौंदर्यस्पर्धा जिंकते, प्रियकराच्या हट्टापायी वैभव सोडून संसारात येते, तेथे घुसमटते आणि अखेर चित्रपटात जाण्यासाठी घर सोडते. ब्रुक्सला फ्रेंच येत नव्हते, त्यामुळे येथेही आवाज दुसऱ्या स्त्रीचा वापरला गेला. चित्रपटाचा शेवट असा: अंधाऱ्या दालनात लुसिएन स्वतःची ध्वनिचाचणी पाहत बसली आहे. पडद्यावरची लुसिएन गाते आहे. गाण्यातली स्त्री पुरुषाला मत्सर करू नकोस म्हणून विनवते आहे. पती चोरपावलांनी आत येतो आणि तिला गोळी घालतो. पडद्याचा प्रकाश मृत चेहऱ्यावर हलत राहतो आणि वर तीच स्त्री, जिवंत, गातच राहते.

बोलपटाच्या आरंभकाळात बोलपटाविषयी एवढे भेदक भाष्य क्वचितच झाले असेल. शरीर मेले तरी ध्वनिमुद्रित आवाज उरतो, हा त्या दृश्याचा उघड अर्थ. बहुतेक समीक्षक तेथेच थांबतात. परंतु पडद्यावर गाणारा तो आवाज लुसिएनच्या भूमिकेतील नटीचा नाहीच. म्हणजे जे अमर झाले ते तिचे नव्हे. आणि जे तिचे होते, तो चेहरा, ते शरीर, ते कथेत आरामखुर्चीत थंड पडले आहे. या चित्रपटाची मूक आवृत्तीही उपलब्ध आहे आणि सौंदर्याच्या दृष्टीने ती सरस आहे, असे म्हणणारे जाणकार आहेत. ते मान्य केले तरी ही विसंगती केवळ बोलक्या आवृत्तीतच जाणवते. या एका कारणासाठी ती सदोष आवृत्तीच अधिक अर्थपूर्ण मानावी लागेल. अर्जेंटिनाचे कादंबरीकार अदोल्फो बियॉय कासारेस यांच्या ‘मोरेलचा शोध’ (१९४०) या कादंबरीत एका बेटावर यंत्राने मुद्रित केलेली माणसे पुन्हा पुन्हा तेच जगत राहतात आणि निवेदक त्यांतल्या फॉस्टीनच्या प्रेमात पडतो, जिला तो कधी दिसतच नाही. फॉस्टीनमागे लुईज ब्रुक्स होती हे बियॉय यांनी स्वतःच सांगितले आहे. प्रतिमेवर जडलेल्या प्रेमात प्रतिमेतील व्यक्तीला उत्तर देण्याची सोय नसते, ही गोष्ट त्या कादंबरीला नेमकी कळली होती. प्रत्यक्षात ती व्यक्ती तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि कॅन्ससमधील विचिटा या गावी, आईवडिलांच्या घरी परतली होती.

मधल्या दशकात तिचा स्वतःचा आवाज पडद्यावर ऐकू येत होता, हे सहसा विसरले जाते. १९३१ साली ‘इट पेज टू अ‍ॅडव्हर्टाइज’ आणि मायकेल कर्टीझच्या ‘गॉड्स गिफ्ट टू विमेन’ या बोलपटांत तिची दुय्यम कामे आहेत. त्याच वर्षी वेलमनने ‘द पब्लिक एनिमी’मध्ये देऊ केलेली भूमिका तिने नाकारली, ती जीन हार्लोने केली. हा नकार मानी स्वभावाचा म्हणावा की निव्वळ बेफिकिरीचा, याचा निर्णय तिच्या लेखनावरूनही होत नाही. १९३२ साली तिने दिवाळे जाहीर केले. त्यानंतर उरले ते कमी खर्चाचे वेस्टर्न चित्रपट: बक जोन्सबरोबर ‘एम्प्टी सॅडल्स’ (१९३६) आणि जॉन वेनबरोबर ‘ओव्हरलँड स्टेज रेडर्स’ (१९३८). हा दुसरा तिचा अखेरचा चित्रपट. रिपब्लिक कंपनीच्या ‘थ्री मेस्किटीअर्स’ या मालिकेतला. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ यायला अजून काही महिने होते आणि वेन तोवर अशाच झटपट चित्रपटांचा नायक होता. लांब मोकळे केस, कपाळावरची ती प्रसिद्ध झालर नाही. ओळख न पटावी असा चेहरा. आवाज मात्र स्पष्ट, शांत, किंचित खालच्या पट्टीतला. दहा वर्षांपूर्वी ‘अयोग्य’ ठरलेला आवाज तो हाच. या प्रकारच्या चित्रपटात नायिकेने काय बोलायचे असते? भावाची काळजी, नायकाविषयीचा गैरसमज आणि तो दूर झाल्यावरची कृतज्ञता. आवाज परत मिळाला, पण त्याला उच्चारायला असे काही नव्हते. वेस्टर्नच्या चाहत्यांनी ब्रुक्सला आणि ब्रुक्सच्या चाहत्यांनी वेस्टर्नला या चित्रपटांत जवळजवळ वगळलेच आहे. दोघांचेही नुकसान झाले असे मात्र म्हणवत नाही.

विचिटातील नृत्यवर्ग, १९४३ नंतर न्यूयॉर्क, रेडिओवरील मालिका, एका बड्या दुकानात विक्रेती म्हणून काढलेली दोन वर्षे, आणि मद्य. १९५५ साली पॅरिसच्या सिनेमातेकने भरवलेल्या प्रदर्शनात आंरी लांग्ल्वा यांनी तिचे भव्य छायाचित्र लावले आणि गार्बो व डीट्रिच यांच्यापेक्षा तिचे स्थान वरचे असल्याचे घोषित केले. पाठोपाठ रॉचेस्टर येथील ईस्टमन हाउसच्या चित्रपट संग्रहाचे जेम्स कार्ड यांनी तिला शोधून काढले. १९५६ साली ती रॉचेस्टरला राहायला गेली, तेथे जुने चित्रपट पाहू लागली आणि लिहू लागली.

या पुनःशोधाला एक पुरुषी दंतकथेचे स्वरूप आहे. हरवलेली सुंदरी आणि तिला शोधून काढणारे रसिक. केनेथ टायनन यांनी १९७९ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलेला दीर्घ लेख हा या दंतकथेचा सर्वांत डौलदार आविष्कार, त्याच्या शीर्षकातच तिचे केस आहेत. तो लेख वाचल्यावर तिची पुस्तके वाचावीशी वाटण्याऐवजी तिची छायाचित्रे पाहावीशी वाटतात, हा त्याचा दोष. १९८२ साली तिच्या सात निबंधांचा संग्रह निघाला, तोही ‘लुलू इन हॉलिवुड’ या नावाने. लुलू बर्लिन, पॅरिस, लंडन येथे वावरते. हॉलिवुडशी तिचा संबंध नाही. शीर्षकाने लेखिकेला पुन्हा एकदा भूमिकेच्या स्वाधीन केले.

पण ब्रुक्स स्वतःही या व्यवहारातून मोकळी नाही, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. ‘पाब्स्ट अँड लुलू’ हा तिचा निबंध चित्रपटनिर्मितीच्या प्रक्रियेवरील उत्कृष्ट लेखनात मोडतो. पाब्स्टने प्रत्येक नटाला वेगळ्या युक्तीने कसे हाताळले, काउंटेसची भूमिका करणाऱ्या अ‍ॅलिस रॉबर्टला लुलूकडे प्रेमाने पाहणे अवघड जाताच तो स्वतः कॅमेऱ्याबाहेर उभा राहून तिची नजर कशी झेलत राहिला, अखेरच्या दृश्यांसाठी त्याने ब्रुक्सचे स्वतःचे आवडते कपडे फाडून मळवून तिलाच कसे घालायला लावले, हे सारे ती कारागिराच्या नजरेने सांगते. आणि मग शेवटी पाब्स्टच्या भाकिताकडे वळते: तुझे आयुष्य लुलूसारखे आहे, तुझा शेवटही तसाच होईल. निबंधभर जी लेखिका दाखवते की लुलू हे अनेकांच्या कष्टांतून साकारलेले एक कार्य होते, तीच अखेरीस लुलूला नियती म्हणून पत्करते. येथे तिच्यातील समीक्षक तिच्यातील नटीपुढे माघार घेतो. हा निबंध वारंवार उद्धृत होतो तो या शेवटासाठी. वास्तविक त्याचा मधला भाग अधिक मोलाचा आहे.

‘गिश अँड गार्बो’ हा निबंध याच्या उलट, थंड डोक्याने केलेल्या युक्तिवादाचा. लिलियन गिशसारख्या मोठ्या मानधनाच्या आणि निवडीचा अधिकार असलेल्या तारकेचे महत्त्व एम.जी.एम.ने ठरवून कमी केले, चित्रपटविषयक मासिकांनी त्या कामी साथ दिली आणि स्वस्तात मिळालेल्या गार्बोला पुढे आणले, असे ती जुने अंक उलगडून मांडते. कट होता असे सिद्ध करण्याइतका पुरावा तिच्यापाशी नाही. प्रेक्षकांची रुची बदलण्याची शक्यता ती फार लवकर बाजूला सारते. तरीही ‘आवाज खराब’ यासारखी वाक्ये कोठे आणि का जन्माला येतात याचा शोध घेण्याची पद्धत तिने घालून दिली, आणि ती पुढे अभ्यासकांनी उचलली. ‘हंफ्री अँड बोगी’ या निबंधातही हीच पद्धत आहे: विसाच्या दशकात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पाहिलेला सभ्य, संकोची तरुण आणि कंपनीने घडवलेला ‘बोगी’ यांतले अंतर ती मोजते आणि ‘इन अ लोन्ली प्लेस’ (१९५०) या चित्रपटात ते सर्वांत कमी झाले असे मत देते.

स्वतःच्या चरित्राविषयी मात्र तिची भूमिका निराळी होती. एक आत्मचरित्र तिने लिहिले आणि नष्ट केले. सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या, आपण आत्मचरित्र कधीच का लिहिणार नाही हे सांगणाऱ्या लेखात तिने कारण दिले, की माणसाचे लैंगिक प्रेम, द्वेष आणि संघर्ष वगळून त्याचे आयुष्य समजत नाही. आणि हे स्वतःविषयी उघड करण्याची आपली तयारी नाही. हे कारण प्रामाणिक म्हणून नावाजले गेले आहे. पण तिच्या सात निबंधांत एक असा आहे, जो या नकाराला वळसा घालतो. ‘मॅरियन डेव्हिस नीस’ हा निबंध पेपी लेडररविषयी आहे. पेपी ही नटी मॅरियन डेव्हिसची भाची. वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या सॅन सिमिऑन येथील प्रासादात वाढलेली, विनोदी, स्थूल, स्त्रियांवर प्रेम करणारी, मद्य आणि मादक द्रव्यांत बुडालेली. तिच्या नावावर उल्लेखनीय असे काहीच नाही. १९३५ साली तिच्या मर्जीविरुद्ध तिला रुग्णालयात ठेवण्यात आले आणि तेथील खिडकीतून उडी मारून तिने जीव दिला. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

या निबंधात ब्रुक्सची भाषा सर्वांत संयत आहे. प्रासादातील जेवणाचे नियम, मद्यावरील निर्बंध, पाहुण्यांची उतरंड, आश्रितांनी हसवत राहण्याचा अलिखित करार हे सगळे ती तपशिलाने सांगते. पेपीवर दया दाखवत नाही आणि हर्स्टवर रागही काढत नाही. श्रीमंतांच्या मेहेरबानीवर जगणारी, हुशार, मद्यपी, आपल्या हुशारीचे काय करावे हे न कळलेली ही मुलगी वाचताना दुसरी एक स्त्री सतत जाणवत राहते. आणि लेखिका तिचे नाव एकदाही घेत नाही. तेथे पाब्स्टचे भाकीत नाही, कपाळावरचे केस नाहीत, नियती नाही. टायनन यांच्या लेखामुळे पुस्तकाकडे वळलेल्या वाचकांनी या निबंधाकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण त्यात लुलू नव्हती.